लाल केप घातल्याचा गुन्हा

एका चौकशी समितीपुढे एक माणूस उभा आहे. दारूबंदीच्या काळात त्याने चोरट्या दारूच्या टोळ्या पकडून दिल्या आहेत आणि दुसऱ्या महायुद्धात तो नाझींशी लढला आहे. आता त्याच्यावर आरोप आहेत ते असे : त्याने परवाना न घेता आकाशात उड्डाण केले, लष्करात अधिकारी नसताना स्वतःला कॅप्टन म्हणवून घेतले, आणि अंतर्वस्त्रे घालून तो चारचौघांत वावरला. शिवाय त्याची केप लाल रंगाची आहे, आणि लाल रंग म्हणजे कम्युनिस्ट, हे सिद्ध करण्याची गरज समितीला वाटत नाही. या चौकशीनंतर तो देश सोडतो, ऑस्ट्रेलियात जातो आणि पुढची तीस वर्षे दारूत बुडवतो.

१९८३ सालच्या ‘द रिटर्न ऑफ कॅप्टन इन्व्हिन्सिबल’ या ऑस्ट्रेलियन चित्रपटाची ही सुरुवात आहे. पुढे अर्थातच खलनायक मिस्टर मिडनाइट एक संमोहन करणारे किरणयंत्र पळवतो, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला लहानपणी पाहिलेला हा वीर आठवतो, आणि सिडनीच्या रस्त्यावर झिंगून पडलेल्या माणसाला पुन्हा उभे करण्याची खटपट सुरू होते. मध्येच माणसे गाऊ लागतात, नाचू लागतात. व्हॅक्यूम क्लीनर माणसांवर चालून येतात. राष्ट्राध्यक्ष एकच शिवी पुन्हा पुन्हा उच्चारत एक संपूर्ण गाणे म्हणतो. त्यामुळे हा चित्रपट ‘इतका वाईट की बघायला मजा येते’ अशा यादीत कायमचा जाऊन पडला आहे. मी तो गेल्या पंधरवड्यात तीन वेळा पाहिला, आणि या यादीविषयी माझी मनापासून तक्रार आहे. यातला भडकपणा समजून-उमजून केलेला आहे, आणि ज्या दुःखाची ही गोष्ट आहे ते दुःख सांगायला दिग्दर्शकाला त्याच भडकपणाचा उपयोग झाला आहे, असे माझे मत आहे.

दिग्दर्शक फिलिप मोरा यांचा जन्म १९४९ साली पॅरिसमध्ये झाला आणि ते मेलबर्नमध्ये वाढले. त्यांचे वडील जॉर्ज फ्रान्समधील नाझीविरोधी भूमिगत चळवळीत होते. आई मिर्का, ज्या पुढे ऑस्ट्रेलियातील नामांकित चित्रकार झाल्या, लहान वयात फ्रान्समधल्या एका छळछावणीत डांबल्या गेल्या होत्या आणि तिथून वाचल्या होत्या. या चित्रपटापूर्वी मोरा यांनी जुन्या चित्रफिती जोडून दोन महत्त्वाचे माहितीपट केले होते. १९७३ साली नाझी राजवटीवर ‘स्वस्तिका’ केला, ज्यात हिटलरची सहचरी इव्हा ब्राउन हिने घरगुती कॅमेऱ्यावर टिपलेली दृश्ये वापरली होती, आणि १९७५ साली अमेरिकेतल्या महामंदीवर दुसरा केला. कॅप्टन इन्व्हिन्सिबलच्या सुरुवातीची कृष्णधवल वार्तापट्टी पाहताना हा अनुभव लगेच ओळखू येतो. सिनेमागृहात मुख्य चित्रपटाआधी दाखवली जाई तशी ती वार्तापट्टी आहे आणि तिच्यातला निवेदक देशभक्तीने भारलेल्या सुरात बोलतो. ज्या पडद्यावर या माणसाचा जयजयकार होतो त्याच पडद्यावर काही क्षणांत त्याची चौकशी सुरू होते. गौरव आणि बदनामी एकाच यंत्रातून बाहेर पडतात, हे जुन्या चित्रफितींचे ढीग स्वतः उपसलेल्या माणसालाच इतक्या थोडक्यात दाखवता येते.

मिस्टर मिडनाइटचा बेतही या पार्श्वभूमीवर पाहायला हवा. त्याला न्यूयॉर्क शहरातून अल्पसंख्य वंशांच्या लोकांना गोडीगुलाबीने बाहेर काढायचे आहे आणि मग नाहीसे करायचे आहे. नवीन, स्वस्त घरांचे आमिष दाखवून माणसांना एका जागी गोळा करणे ही कल्पना विनोदी चित्रपटात आली म्हणून पुष्कळांनी ती हसून सोडून दिली असेल. ज्याची आई छावणीतून परत आली होती त्या दिग्दर्शकाने ती केवळ हसण्यासाठी घातली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मुख्य भूमिकेकडे येतो. कॅप्टनचे काम अॅलन आर्किन यांनी केले आहे. पुढे उतारवयात त्यांना ऑस्कर मिळाले आणि २०२३ साली ते गेले, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांच्या वडिलांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. डेव्हिड आर्किन हे चित्रकार आणि लेखक होते. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालावर त्यांनी लिहिलेले गाणे पुढे अमेरिकेत घरोघर पोचले. १९५० च्या दशकातल्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेत त्यांच्यावर संशय घेतला गेला, आपल्या राजकीय मतांविषयीच्या प्रश्नांना उत्तर देण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांची नोकरी गेली. त्यांनी त्या बडतर्फीला आव्हान दिले. त्यांची बाजू खरी ठरली ती त्यांच्या मृत्यूनंतर.

हे वाचल्यावर मी चौकशीचे दृश्य पुन्हा लावून पाहिले. आर्किन त्यात काहीही वाढवून करत नाहीत. भोवतालचे सगळे नट विनोदाच्या पट्टीत बोलत असताना ते एकटे अगदी खालच्या सुरात उभे राहतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी आश्चर्य दिसते : हे मला विचारत आहेत? वडिलांची आठवण त्यांच्या मनात होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही. पण ‘तुम्ही आता किंवा पूर्वी कधी कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता काय’ हा त्या काळातला प्रसिद्ध प्रश्न ज्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आला होता, त्या घरात हा नट वाढला आहे, हे विसरून मला ते दृश्य आता पाहता येत नाही.

आमच्या घरात अशी एक चौकशी झाली होती, म्हणूनही असेल. माझ्या आत्याच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, एका सरकारी कार्यालयात हिशेबातल्या तफावतीवरून निलंबित केले होते. चौकशी सात वर्षे चालली. त्या सात वर्षांत काकांनी प्यायला सुरुवात केली, आणि गावातल्या लोकांनी ते पितात म्हणजे पैसे खाल्लेच असणार असा निष्कर्ष काढला. शेवटी त्यांना निर्दोष ठरवणारे पत्र आले ते दीड पानाचे होते.

या चित्रपटाचा प्राण मात्र एका गाण्यात आहे, आणि त्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. मिस्टर मिडनाइट झाले आहेत ख्रिस्तोफर ली. १९५८ पासून ज्यांनी ड्रॅक्युलाला चेहरा दिला, त्या लींचा आवाज खर्जातला, भरदार, ऑपेराच्या गायकाला शोभेल असा होता, आणि गाण्याची आवड त्यांनी अखेरपर्यंत जपली. वयाच्या ऐंशीच्या घरात त्यांनी मध्ययुगीन युरोपातला सम्राट शार्लमेन याच्यावर हेवी मेटल संगीताचा संपूर्ण अल्बम काढला. चित्रपटांनी मात्र त्यांना गाऊ फार क्वचित दिले. इथे ‘नेम युअर पॉयझन’ हे गाणे त्यांच्या वाट्याला आले आहे. ते रचणारे रिचर्ड ओब्रायन आणि रिचर्ड हार्टली यांचे नाव ‘रॉकी हॉरर’ या संगीतिकेच्या संगीतामुळे आधीच झालेले होते.

प्रसंग असा आहे की दारू सोडलेला कॅप्टन शत्रूच्या तावडीत सापडला आहे. खलनायकाकडे शस्त्रे आहेत, माणसे आहेत, किरणयंत्र आहे. तो यांपैकी काहीही वापरत नाही. तो कॅप्टनला बाटल्यांनी भरलेल्या बारपाशी नेतो आणि गाऊ लागतो. एकेका मद्याचे नाव घेत, त्याचे रंग आणि लाड सांगत, यजमान पाहुण्याला आग्रह करतो तशा अदबीने. ली यांचा आवाज कुठेही धमकावत नाही, तो मायेने भरलेला आहे, आणि तेच भयंकर आहे. कितीही बलवान माणूस असला तरी त्याला मारायला एक भरलेला पेला पुरतो, आणि तो पेला हातात देणारा माणूस मित्राच्या सुरात बोलतो. दारूच्या व्यसनावरचे कितीतरी गंभीर चित्रपट मी पाहिले आहेत. व्यसनाचा आग्रही, आर्जवी आवाज इतका अचूक मी दुसऱ्या कुठे ऐकलेला नाही.

मराठी प्रेक्षकाला इथे तळीराम आठवल्याशिवाय राहणार नाही. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मध्ये सुधाकर दारूकडे वळतो तोही अपमानातूनच : भर कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि त्या पोळलेल्या मनाला तळीराम पहिला प्याला देतो. दोन्ही गोष्टींत माणूस चैनीसाठी पीत नाही. त्याचे काम आणि नाव एका निवाड्याने काढून घेतले जाते, आणि मग रिकामे झालेले तास भरायला दारू येते. फरक असा, की गडकऱ्यांच्या नाटकात परतीची वाट बंद आहे आणि तिथे गाणी वाट्याला येतात ती मुख्यतः सिंधूच्या, सोसणाऱ्याच्या. मोरा यांनी गाणे मोहाच्या तोंडी घातले आहे. दारू पाजणाराच सर्वांत गोड गातो.

चित्रपटात दोष आहेत आणि ते लहान नाहीत. मधला अर्धा तास रेंगाळतो. वंशावंशांच्या लकबींवरचे काही विनोद आज अंगावर येतात, आणि वंशद्वेष्ट्या खलनायकाविरुद्धच्या चित्रपटात ते असायलाच नको होते. पोलीस अधिकारी पॅटी पॅट्रिया हिची भूमिका केट फिट्झपॅट्रिक यांनी रुबाबात केली आहे, पण तिला स्वतःची गोष्ट मिळालेली नाही. त्या वर्षांत ऑस्ट्रेलियात चित्रपटांमध्ये पैसे गुंतवणाऱ्याला गुंतवणुकीच्या १५० टक्के रकमेवर करसवलत मिळत असे. १९८१ च्या या कायद्यामुळे पैशाचा ओघ इतका वाढला, की गुंतवणुकीसाठी घाईने जुळवलेले चित्रपटही पुष्कळ निघाले. कॅप्टन इन्व्हिन्सिबलमध्ये त्या घाईच्या खुणा दिसतात, हे मान्य करतो. पटकथाकारांपैकी स्टीव्हन डिसुझा यांनी पुढे १९८८ साली ‘डाय हार्ड’च्या पटकथेत केलेली घट्ट वीण इथे नाही.

तरीही या चित्रपटातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पुनरागमनाच्या कथांमध्ये बहुधा एका रात्रीत माणूस बदलतो. हा कॅप्टन उडायला विसरला आहे. तो उडी मारतो आणि आपटतो. त्याचे चुंबकत्व त्याच्या ताब्यात राहत नाही, त्यामुळे भलत्याच वस्तू येऊन त्याला चिकटतात. पोट सुटलेले, हात थरथरणारे, आणि अंगावर तोच जुना पोशाख. या दृश्यांना प्रेक्षागृहात हशा मिळत असेल, आणि तो मिळावा अशीच ती रचलेली आहेत. मीही हसलो.

काकांना कामावर हजर होण्याचे पत्र आले, तेव्हा रुजू होण्याआधीचे आठ दिवस ते रोज सकाळी ओट्यावर बसून जुन्या वर्तमानपत्राच्या कडेच्या कोऱ्या जागेत स्वतःची सही गिरवत असत. हात कापत असल्यामुळे ती पूर्वीसारखी उमटत नव्हती, आणि हजेरीपटावर ती पूर्वीसारखीच उमटावी असे त्यांना वाटत होते. आत्या त्यांच्या शेजारी चहाचा कप ठेवून निघून जाई, काही बोलत नसे. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो, आणि एवढा मोठा माणूस आपलेच नाव लिहायला शिकतो आहे याचे मला हसू आले होते.