प्रोग्रॅम फाइल्सच का नाही? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: विंडोजने प्रोग्रॅम फाइल्स फोल्डर याच कामासाठी दिलाय, तो सोडून सी ड्राइव्हवर ‘डेव्ह’ फोल्डर काढून त्यात प्रोग्रॅमिंगची सगळी टूल्स टाकायला सांगणं असुरक्षित आहे आणि नवशिक्यांना चुकीची सवय लावणारं आहे. शिवाय ज्यांचं इन्स्टॉलेशन आधीच झालंय त्यांनी काय करायचं, असंही विचारलंत.

सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. सी ड्राइव्हवर थेट काढलेल्या फोल्डरमधल्या फाइली त्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या कोणालाही बदलता येतात, कारण परवानग्या वरच्या ड्राइव्हकडूनच तशा येतात. पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) ३.४ आवृत्तीपर्यंत तिथेच बसायचं. २०१५ साली आलेल्या ३.५ पासून सर्वांसाठी टाकलं तर ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये जातं आणि एकट्यासाठी टाकलं तर त्या युजरच्या ॲपडेटा या खासगी फोल्डरमध्ये. त्यामुळे कॉलेजच्या लॅबमध्ये तुमचंच म्हणणं लागू. माझा सल्ला स्वतःच्या लॅपटॉपवर शिकणाऱ्यांसाठी आहे.

तिथे मात्र मी ठाम आहे. इन्स्टॉल झाल्यावर त्या फोल्डरमध्ये पुन्हा कोण लिहिणार, यावर जागा ठरवावी. कोड लिहायचा एडिटर किंवा गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) एकदा बसलं की नुसतं चालतं. ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये खुशाल ठेवा. फ्लटर (मोबाइल ॲप बनवायचं टूलकिट) तसं नाही. अपग्रेड करताना ते स्वतःच्याच फोल्डरमधल्या फाइली बदलतं. म्हणून अ‍ॅडमिन परवानगी लागणारी किंवा स्पेस असलेली जागा निवडू नका, असं फ्लटरच्या अधिकृत सूचनाच सांगतात. अशी टूल्स प्रोग्रॅम फाइल्समध्ये टाकली की विद्यार्थी काय करतो? परवानगी नाकारल्याचा एरर येतो आणि तो टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडायला लागतो. मग रोज तसंच. त्याच टर्मिनलमध्ये एनपीएमने (जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं उतरवणारं टूल) पॅकेज घेतलं, तर त्या पॅकेजची इन्स्टॉल स्क्रिप्टही ॲडमिनच्या अधिकाराने चालते. कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट! सवयीबद्दल बोलायचं तर मला या सवयीची जास्त धास्ती वाटते.

दुसरी अडचण स्पेसची. जीएनयू मेकला (कोडपासून प्रोग्रॅम बांधणारं टूल) स्पेस दिसली की ते तिथे एक नाव संपलं असं समजतं, त्यामुळे ‘प्रोग्रॅम फाइल्स’चे दोन तुकडे होतात. मग युजरच्या फोल्डरमध्ये का नको? ती जागा खरं तर सर्वात चांगली. पण आपल्याकडे लोकल अकाउंट काढताना मुलं नाव-आडनाव स्पेस देऊन लिहितात, काही जण हौसेने देवनागरीत. नंतर अकाउंटचं नाव बदललं तरी आतल्या फोल्डरचं नाव बदलत नाही. अँड्रॉइड स्टुडिओही पाथमध्ये (फाइलच्या पूर्ण पत्त्यात) स्पेस किंवा इंग्रजीबाहेरची अक्षरं दिसली की इशारा देतो. अशांसाठी ‘डेव्ह’ हा मार्ग सुचवला होता. ज्यांच्या युजर फोल्डरचं नाव सरळ इंग्रजीत, एकसंध आहे, त्यांनी त्यातच टूल्स ठेवावीत.

आता आधीच्या इन्स्टॉलेशनबद्दल. सगळं नीट चालत असेल तर हात लावू नका. हलवायचंच असेल तर फोल्डर कट-पेस्ट न करता टूल काढून नव्याने टाका आणि पाथ व्हेरिएबलमधली (टूल्स कुठे आहेत हे विंडोजला सांगणारी यादी) जुनी नोंद पुसा, नाहीतर टर्मिनल जुनीच जागा शोधत राहील. पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरती पॅकेजं ठेवणारा वेगळा फोल्डर) तर मुळीच हलवू नका. त्यात पूर्ण पाथ लिहिलेला असतो. पॅकेजांची यादी फाइलमध्ये काढून घ्या आणि नव्या जागी ते नव्याने बनवा.