‘सिगरेट अचानक सोडू नका’ म्हणे!

रविवारी सकाळी दादाकडे गेलो. तो सोप्यावर बसला होता. बाजूच्या देवळीत एरवी काडेपेटी आणि लाइट गेल्यावर लागणारी मेणबत्ती असते, तिथे आज एक सिगरेट उभी करून ठेवलेली. पाकीट नाही, एकच. मी तिच्याकडे बघितलं, दादानं माझ्याकडे.

“एकूच रे,” तो म्हणाला, “वखद म्हणून.”

वखद! ३६ वर्षं ओढून गेल्या चवथीला त्यानं सिगरेट सोडली. गणपतीच्या डोक्यावरची फळा-पानांची माटोळी बांधताना दोनदा स्टुलावरून उतरून दम खावा लागला, तेव्हा. ती नऊ महिन्यांनी औषध होऊन परत आली होती, आणि आणली कुणी, तर भजनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या एका मेसेजनं. दादानं तो मला चष्मा लावून, पंचांग वाचावं तसा वाचून दाखवला.

मेसेज थोडक्यात असा. वीस वर्षांहून जास्त ओढणाऱ्यांनी सिगरेट अचानक सोडू नये, शरीराला निकोटिनची सवय झालेली असते, ते एकदम तोडलं की हृदयाला धक्का बसतो. सोडल्यावर सहा महिन्यांत गेलेली माणसं तुमच्याही ओळखीत असतील, आठवून पाहा. पन्नाशीनंतर सोडून उपयोग नाही. दिवसाला एक-दोननं काही होत नाही, उलट शरीराचा तोल राहतो. सोडल्यावर खोकला आणि बद्धकोष्ठ होतं, हाच पुरावा. अर्धा गोवा ओढतो, कुणाचं काय बिघडलं? आणि माडाचा गूळ कोमट पाण्यातून घेतला की तीन दिवसांत फुप्फुसं साफ. खाली ‘मुंबईतल्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला’. नामवंत, पण नाव नाही.

हाच मेसेज मला याआधी तीन ठिकाणांहून आला होता आणि मी तो तिन्ही वेळा डिलीट केला होता. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर बरं झालं असतं.

सगळ्यात वाईट आहे ते ‘आठवून पाहा’. कारण आठवतात. आमच्याच वाड्यावरची दोन माणसं दादानं बोटांवर मोजली. एकानं सोडली आणि चार महिन्यांत गेला, दुसरा वर्षभरात. मला दोघंही माहीत होते. पहिल्यानं सोडली कधी? रात्री छातीत कळ आली, १०८ बोलावून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेलं, डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा. दुसऱ्याच्या थुंकीतून रक्त पडत होतं आणि घरच्यांना ते कळायला दोन महिने लागले. म्हणजे आजार आधी आला, सिगरेट नंतर सुटली, आणि मरण आजारानं आलं. गावाच्या लक्षात राहिलं ते एवढंच, की ‘सोडली आणि गेला’. होडीत पाणी भरल्यावर लोक उड्या टाकतात. उड्या टाकल्या म्हणून होडी बुडाली, असं किनाऱ्यावरून बघणाऱ्यानं सांगायचं का?

आणि ज्यांनी सोडली आणि गेले नाहीत, ते कुणाला आठवत नाहीत. मी सोडली त्याला अकरा वर्षं झाली. माझं नाव दादानं बोटावर घेतलं नाही. मी समोर बसलेलो असूनही!

आता तो ‘धक्का’. निकोटिन रक्तातून दोन तासांत निम्मं होतं. रात्री झोपणारा प्रत्येक ओढणारा सकाळपर्यंत ते जवळजवळ सगळं सोडून बसलेला असतो, म्हणून तर उठल्या उठल्या हात आधी पाकिटाकडे जातो. सोडल्यावर एका दिवसात नाडी सावकाश होते आणि रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो. हा वायू प्राणवायूची जागा अडवून बसतो आणि त्याची भरपाई हृदयाला करावी लागते. धूर थांबला की हृदयावरचं ओझं कमी होतं. धक्का बसत होता तो ओढताना.

अचानक सोडणं धोक्याचं, हे एका गोष्टीच्या बाबतीत खरं आहे. दारूच्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं असतं. हुर्राक-फेणीच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या मुलखात हे प्रत्येकाला माहीत असायला हवं. मेसेज लिहिणाऱ्यानं बहुधा हीच अर्धवट ऐकलेली गोष्ट उचलून सिगरेटला चिकटवली. निकोटिन सुटताना चिडचिड होते, झोप उडते, भूक वाढते, डोकं लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस नकोसे असतात आणि महिन्याभरात बहुतेक उतरतं. त्यानं माणूस मरत नाही. घरातल्या माणसांना मात्र तसं वाटू शकतं, वहिनीला विचारा.

‘हळूहळू सोडा’ हेही बिनचूक नाही. २०१६ साली ब्रिटनमध्ये जवळपास सातशे जणांवर हे करून पाहिलं. अर्ध्यांनी ठरल्या दिवशी एकदम सोडली, अर्ध्यांनी दोन आठवडे कमी करत करत. चार आठवड्यांनी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांपैकी ३९. ज्याला निकोटिन एकदम तोडणं झेपत नाही, त्याला औषधाच्या दुकानात २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगगम मिळतं. त्यात निकोटिन असतं, धूर नसतो, आणि मारतो तो मुख्यतः धूर.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याच्या पदरात टाकावी लागते, नाइलाजानं. सिगरेट सुटल्यावर शरीरात काही हिशेब खरंच बदलतात. धुरातल्या डांबरामुळे यकृत काही पदार्थ जास्त वेगानं निपटत असतं. धूर थांबला की तो वेग उतरतो. दम्यासाठी थिओफायलिन घेणारे किंवा मनोविकारावरची काही औषधं घेणारे यांच्या रक्तात तेवढ्याच गोळीनं औषध जास्त साचतं. तेव्हा सिगरेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगायचंच. आणि याच यादीत आहे चहा. म्हणजे चहातलं कॅफिन.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा सरळ बसला. कारण त्या सिगरेटचं खरं कारण होतं, “छातीत धडधडतं रे कधीकधी.” सिगरेट सुटल्यापासून त्याचे चहा पाचावरून आठावर गेलेत. प्रत्येक सिगरेटच्या जागी एक कप, तोही कडक. पूर्वी ते कॅफिन शरीर भराभर काढून टाकायचं, आता तेच कितीतरी वेळ रेंगाळतं. त्याच्या हिशेबानं ते आठ, अंगाच्या हिशेबानं दहाच्या वर. मग धडधडणार नाही तर काय होणार? मी डॉक्टर नाही, त्यामुळे एवढ्यावर थांबलो नाही. त्याला सोमवारी पत्रिका काढायला पाठवलं, ईसीजीची. आणि छातीत दुखलं, दाबल्यासारखं झालं, तर चहाला दोष देत बसायचं नाही, लगेच निघायचं, हेही दोनदा सांगितलं.

‘पन्नाशीनंतर उपयोग नाही’ हा मुद्दा दादाला सगळ्यात पटलेला. तो ६१ वर्षांचा. याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरज नाही. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून विचारलं, तुम्ही ओढता का, किती ओढता. ३४,४३९ पुरुष डॉक्टर हाती लागले, आणि मग पन्नास वर्षं त्यांच्यावर नजर ठेवली. कोण ओढत राहिला, कोणी केव्हा सोडली, कोण कशानं गेला. २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये शेवटचा हिशेब आला. ओढत राहणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं जवळजवळ वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीला सोडणाऱ्यांची तीन.

तीन वर्षं म्हणजे काही नाही, असं दादा म्हणाला. त्याच्या नातीचं वय सध्या तीन आहे. मी काही बोललो नाही.

डॉल स्वतः ओढायचा. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, फुप्फुसाचा कर्करोग रस्त्यांच्या डांबरानं नाहीतर मोटारींच्या धुरानं वाढत असेल. स्वतःचेच आकडे उलटे आल्यावर त्यानं सिगरेट सोडली, सदतिशीच्या आसपास. २००५ साली गेला तेव्हा ९२ वर्षांचा होता. एका माणसानं काही सिद्ध होत नाही, पण असल्या मेसेजांत ‘अमक्याचे आजोबा नव्वदीपर्यंत ओढत होते’ चालतं, तर हाही चालवून घ्या.

आता ‘दिवसाला एक’. वीसच्या जागी एक म्हणजे धोका विसावा हिस्सा, असं कुणालाही वाटेल. हृदयाचा भागाकार असा नाही. बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून २०१८ साली जे निघालं ते असं: वीस ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, त्याच्या जवळपास निम्मा दिवसाला एक ओढणाराही पदरात घेतो. रक्त चिकट व्हायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला थोडासा धूर पुरतो. आणि दादाला तर एकचं गणितच लागू नाही. जो वीसवर आहे तो एकवर आला तर कमी झालं म्हणता येईल. जो शून्यावर आहे त्याची एक म्हणजे पहिली.

बाकीचं भराभर. खोकला: खरा आहे, श्वासनलिकेतले सूक्ष्म केस पुन्हा हलायला लागतात आणि साठलेला कफ वर येतो. काही आठवडे. बद्धकोष्ठ: तेही खरं, निकोटिन आतड्याला ढकलत असतं. पपई खा, पाणी प्या. वजनही चार-पाच किलो चढतं, ते मेसेजवाला विसरला. गूळ: उंड्याबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, उत्तम लागतो, फुप्फुसात जात नाही. अर्धा गोवा: २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत गोव्यात कुठल्याही रूपात तंबाखू घेणारे प्रौढ ९.७ टक्के निघाले, देशात सगळ्यात कमी. १९९७ साली गोव्यानं सार्वजनिक ठिकाणी ओढण्या-थुंकण्याविरुद्ध स्वतःचा कायदा केला, केंद्राच्या आधी. किनाऱ्यावरचे फोटो बघून गोव्याबद्दल बोलू नये.

एवढं सगळं बोलून झाल्यावर दादानं विचारलं, “म्हणजे परत कधीच नाही?”

मेसेज खोटा आहे हे त्याला माझ्याआधी कळलं असावं. त्याला हवी होती ती ‘कधीच’मध्ये एक फट. आज ओढायची नसते, पुढे कधीतरी ओढता येईल एवढं राहू दे, असं वाटत असतं. मलाही वाटायचं. जत्रेतल्या नाटकाच्या तालमी, दुसरा अंक संपल्यावर मांडवामागे पाच मिनिटं, कुणाच्या तरी काडीवर तिघांनी पेटवायची. सिगरेट गेली ती त्या पाच मिनिटांना घेऊन. मी नंतरही मांडवामागे जायचो, हातांचं काय करायचं ते कळायचं नाही. दोन वर्षं स्वप्नात ओढायचो आणि जागा झाल्यावर चोरी केल्यासारखं वाटायचं. अजूनही पहिल्या पावसात कुणी पेटवली की मान वळते. तीन-चार मिनिटं. मग वळलेली मान परत जागेवर येते, आणि मी त्याला आता आजार म्हणत नाही.

हे दादाला सांगितलं. शिवाय १८००-११-२३५६ हा नंबर दिला, सोडणाऱ्यांसाठी सरकारनं ठेवलेली फुकट फोनलाइन आहे. त्यानं तो कॅलेंडरवर, गॅसच्या तारखेशेजारी लिहून ठेवला. चहा चारवर आणायचं कबूल केलं. ईसीजी ठीक आला.

सिगरेट अजून देवळीत आहे. त्यानं ओढली नाही, टाकलीही नाही. जूनची हवा आहे, एव्हाना ती मऊ पडली असेल. मी विचारलेलं नाही.