‘हात लागत नाही, म्हणजे दूध दूषित होत नाही’ हे खरं नाही

सध्या एक दावा सगळीकडे फिरतोय: ‘ऑटोमॅटिक डेअरीत दुधाला माणसाचा हात लागत नाही, सेन्सर चुकत नाहीत, धुलाईही मशीनच करतं, त्यामुळे पिशवीतलं दूध दूषित होऊच शकत नाही.’

हात लागत नाही, हे बऱ्याच अंशी खरं. तरी गॅस्केट (पाइपच्या जोडातली रबरी चकती) बदलायला आणि पिशव्यांच्या फिल्मचा रोल चढवायला माणूसच लागतो.

‘सेन्सर चुकत नाहीत’ हे मात्र घातक विधान आहे. पाश्चरायझेशनमध्ये, म्हणजे जंतू मारण्यासाठी तापवताना, दूध ७२ अंश सेल्सियसला किमान १५ सेकंद राहायला हवं. तापलेलं दूध तेवढा वेळ ज्या नळीतून वाहतं, त्या होल्डिंग ट्यूबच्या टोकाशी तापमानाचा सेन्सर असतो. तापमान घसरलं की डायव्हर्जन व्हॉल्व्ह दूध परत सुरुवातीच्या टाकीत (बॅलन्स टँक) वळवतो. पण सेन्सर एक अंश जास्त दाखवू लागला, तर पडद्यावर ७२ आणि नळीत ७१. व्हॉल्व्ह हलणारच नाही. म्हणून रोज दुसऱ्या थर्मामीटरशी रीडिंग ताडून पाहावं लागतं. शिवाय हा सेन्सर वेळ मोजत नाही. तासाला ५,००० लिटरच्या प्लांटला ट्यूबमध्ये सुमारे २१ लिटर दूध मावायला हवं. माल वाढवायला पंप ६,००० वर नेला, तर तेच दूध साडेबारा सेकंदांत बाहेर पडतं आणि तापमानाचा आलेख तसाच राहतो. त्यामुळे पंपाचा कमाल वेग सील करून ठेवायचा असतो.

धुलाईचं म्हणाल तर सीआयपीत (यंत्र न उघडता आतूनच धुण्याची पद्धत) आधी पाणी, मग ७५ अंशांच्या आसपास १ ते १.५ टक्के कॉस्टिक सोडा, पाणी, नायट्रिक ॲसिड, पुन्हा पाणी. पडद्यावर ‘सायकल पूर्ण’ आलं, म्हणजे ठरलेले टप्पे पार पडले, इतकंच. नळीतला वेग सेकंदाला दीड मीटरच्या खाली गेला, टाकीत पाणी फवारणाऱ्या स्प्रे बॉलची भोकं तुंबली किंवा कुठे बंद टोकाचा पाइप राहिला, तर तिथला थर निघत नाही. कंडक्टिव्हिटी (विद्युतवाहकता) सेन्सरला कॉस्टिक किती तीव्र आहे ते कळतं, भिंत स्वच्छ झाली का ते नाही. त्यासाठी जोड उघडून टॉर्च मारावा आणि स्वॅब (पृष्ठभाग पुसून तपासणीसाठी नमुना) घ्यावा.

आणि ‘दूषित होऊच शकत नाही’? २००० साली जपानमध्ये स्नो ब्रँड या डेअरी कंपनीच्या दुग्धपदार्थांनी १३,००० हून जास्त लोक आजारी पडले. तिच्या होक्काइदोतल्या कारखान्यात वीज गेली, दूध काही तास कोमट राहिलं, त्यात स्टॅफिलोकोकस जंतूंनी विष तयार केलं. नंतरच्या उष्णतेने जंतू मेले, विष टिकलं आणि भुकटीतून पुढे गेलं. म्हणून वीज आल्यावर लाइन आपोआप सुरू होऊ देऊ नये. अडकलेलं दूध किती वेळ, किती तापमानाला होतं हे पाहून ते घ्यायचं की टाकायचं, हे ठरवावं.