वर्षातून चार दिवसांसाठी कार सीट घ्यायची का? घ्या, पण साधी घ्या

मे महिना आणि गणपती, या दोन सीझनला कोकणातल्या घराघरात एक वाद ठरलेला. मुंबई-पुण्याची नातवंडं येणार, त्यांना स्टेशनवरून आणायचं, मग कुणकेश्वर, रेडी, तारकर्ली, माहेरच्या देवळात ओटी, सगळीकडे फिरवायचं, आणि गाडी आपली. तिकडे मुलीच्या गाडीत लहान मुलांसाठीची पंचवीस हजाराची कार सीट बसवलेली असते, पोर त्यात पट्टे लावून राजासारखं बसतं, आणि तेच पोर कुडाळ स्टेशनला उतरलं की आजोबांच्या मांडीवर! का तर म्हणे चार दिवसांसाठी कशाला खर्च.

मी कुडाळ तालुक्यातली, गाडी स्वतः चालवते, आणि माझं मत सरळ आहे. नातवंडं वर्षातून दोनदा जरी येत असली तरी आजी-आजोबांच्या गाडीला स्वतःची एक सीट हवी. मात्र ती मुलीकडच्या सीटसारखी महागाची, जड असायची काही गरज नाही. कधीतरी वापरायच्या सीटसाठी फीचर्स नंतर, आधी बघायचं की ती कोण बसवणार, किती वेळा काढणार-घालणार, आणि प्रत्येक वेळी घट्ट बसणार की नाही.

आमच्या घरातनं विरोध झाला तो असा, "माका कित्याक व्हयी ती खुर्ची? मी धरतंय मा झिलाक. आमची पोरा काय मांडयेर बसान वाढली नाय?" वाढली हो. पण तेव्हा हायवे असा होता का? सिंधुदुर्गातला मुंबई-गोवा हायवे आता चौपदरी झालाय, गाड्या ऐंशी-शंभरनी सुटतात, आणि पावसात गुरं डांबरावर येऊन बसतात कारण तेवढीच जागा कोरडी. ब्रेक मारायची वेळ रोज येते. ५० च्या स्पीडने गाडी कशावर तरी आपटली तर आतल्या माणसाला बसणारा दणका साधारण १० मीटर उंचीवरून पडल्याइतका असतो, हिशोब करून बघा, शाळेतलंच गणित आहे. आणि तेवढ्या सेकंदाच्या अंशात १२ किलोचं पोर वीसपट-तीसपट जड झाल्यासारखं पुढे खेचलं जातं. अडीचशे-तीनशे किलो कोण धरणार, आमचे हे? तांदळाची गोणी उचलताना कंबर धरतात. त्यात काही लोक स्वतःचा बेल्ट पोराच्या वरून घेतात आणि समजतात की दोघंही बांधलेली, तेव्हा तर मोठ्या माणसाचं सगळं वजन त्या पोरावर येतं.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला जी दुरुस्ती झाली त्यात कलम १९४ ब आलं, १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १००० रुपये दंड. आमच्याकडे कोणी पावती फाडलेली मी बघितली नाही ते सोडा. दंडासाठी नकोच घेऊ कोणी.

आता खरी अडचण सांगते, जी कोणी बोलत नाही. ती पैशाची नाहीये, जागेची आहे. सीट लावली की मागची एक पूर्ण जागा गेली. आणि आपल्याकडे पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात हे धरूनच प्लॅन ठरतो, गणपतीत तर भटजींना पण वाटेत सोडायचं असतं. मग सीट लावायची म्हणजे काकी उतरणार की आत्या उतरणार, यावर रुसवे-फुगवे. तेव्हा "जवळच तर जायचंय" म्हणून सीट डिकीत जाते आणि पोर मांडीवर येतं. हे मी कितीतरी घरांत बघते, सीट आहे, पण डिकीत आहे. माझ्या गाडीत नियम एकच, सीट आधी, माणसं नंतर. उरलेल्यांनी रिक्षा करावी, नाहीतर मी दुसरी फेरी मारते, पेट्रोल माझं. एकदा हे ठणकावून सांगितलं की वाद संपतो, रागावतात दोन दिवस, मग काळ्या वाटाण्याची उसळ जेवायला येतात.

मग सीट कुठली? आधी गाडीकडे बघा. मागच्या सीटच्या पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घालून बघा, दोन लोखंडी आकडे लागतात का, किंवा तिथे आयसोफिक्स (बेल्टशिवाय सीट थेट गाडीच्या आकड्यांना अडकवायची सोय) लिहिलेली छोटी चिठ्ठी आहे का. नव्या गाड्यांत असतं, जुन्या गाड्यांत बऱ्याचदा नसतं. माझ्या जुन्या वॅगन आरमध्ये नाही. आणि आजी-आजोबांकडे बहुतेक मुलांनी नवी घेतल्यावर इकडे पाठवलेली जुनीच गाडी असते, त्यामुळे मुलगी कितीही म्हणाली की आयसोफिक्सचीच घे, तरी आकडेच नसतील तर ती सीट नुसती ठेवून काय करणार. आकडे असतील तर जरूर घ्या, खट् आवाज येतो, हिरवा मार्क दिसतो, चुकायला फारसा वाव नाही. फक्त खालचे दोन आकडे लावले की झालं असं नाही, तिसरा आधार लागतोच, वरून मागे जाणारा पट्टा किंवा खाली जमिनीवर टेकणारा पाय. आणि वजन बघा, अशा काही सीट दहा-बारा किलोच्या असतात. ज्या घरात सीट नातवंडं गेल्यावर काढून माडीवर ठेवायची आहे तिथे सत्तरीच्या माणसाने ती जिन्यावरून न्यायची का?

बेल्टने बांधायची साधी सीट चार-पाच किलोची मिळते, किंमत पण निम्म्याहून कमी. तिची गोम एकच, बांधायला शिकावं लागतं. गुडघा सीटमध्ये रोवायचा, अंगाचा भार टाकायचा, मग बेल्ट जोरात ओढायचा. नंतर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवायचं, इंचभरापेक्षा जास्त हलली तर परत. आपल्याकडच्या गाड्यांचे बेल्ट हळू ओढले की बाहेर येत राहतात, झटका बसला तरच अडकतात, म्हणून सीटला बेल्ट पकडून ठेवणारा चिमटा आहे का ते विकत घेतानाच बघा, मॅन्युअलमध्ये चित्र असतं. अमेरिकेतून कोणीतरी कौतुकाने आणलेली सीट इथेच फसते, तिकडचे बेल्ट पूर्ण बाहेर ओढले की लॉक होतात आणि ती सीट त्या हिशोबाने केलेली असते. सीट वाईट नसते, पण आपल्या गाडीत ढिली राहते.

सर्टिफिकेटचं थोडक्यात. सीटच्या मागे किंवा खाली नारिंगी लेबल असतं, गोलात ई अक्षर, त्यावर आर ४४/०४ किंवा आर १२९, ही युरोपात चालणारी स्टँडर्ड, आर ४४ जुनं आणि आर १२९ नवं. आपलं भारतीय स्टँडर्ड एआयएस ०७२. इथे विकत घेताना यातलं काहीच नसेल तर ती सीट नाही, ती उशी आहे. ऑनलाइन हजार-बाराशेला कापडी पट्ट्यांचं जे मिळतं ना, मुलाच्या पाठीला लावायचं, ते असलं लेबल शोधल्याशिवाय बिलकूल घेऊ नका. आर ४४ मध्ये वजनावरून गट आहेत, आर १२९ मध्ये उंचीवरून, आणि आर १२९ मध्ये बाजूने धडक बसली तर काय याची पण टेस्ट असते, त्यामुळे दोन्ही परवडत असतील तर आर १२९.

वयाचं जरा सविस्तर सांगते कारण इथे दुकानदार काहीही खपवतात. ९ ते ३६ किलोची जी सीट मिळते ती पाहुण्या नातवंडांसाठी मला सगळ्यात सोयीची वाटते, लहान असताना तिचेच पट्टे, मोठं झालं की पट्टे काढून गाडीचा बेल्ट, आणि धाकटं नातवंड आलं की परत पट्टे लावले. पण नऊ महिन्यांचं गुटगुटीत बाळ ९ किलो भरलं म्हणून त्याला त्यात पुढे तोंड करून बसवायचं नाही! बाळाचं डोकं शरीराच्या मानाने फार जड आणि मान कच्ची. आर १२९ तर म्हणतं १५ महिन्यांपर्यंत मागेच तोंड, स्वीडनमध्ये लोक चार वर्षांपर्यंत तसंच नेतात. त्यामुळे तान्हं बाळ पहिल्यांदा गावी येणार असेल तर त्याच्या आईबापांनी त्यांची हँडलवाली सीट बरोबर आणावी हेच बरं, आजी-आजोबांनी दीड वर्षाच्या पुढच्या वयाची सीट घ्यावी. आणि मागे तोंड असलेली सीट पुढे ड्रायव्हरशेजारी एअरबॅगसमोर कधीच ठेवायची नाही, ती एअरबॅग सीटच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच फुटते.

चार-पाच वर्षांच्या पुढे पाठ असलेला बूस्टर, म्हणजे पोराला उंच बसवणारी बैठक. तो हलका असतो, कोकणकन्या एक्स्प्रेसमधून सुद्धा आणता येतो, एका हातात बूस्टर एका हातात पोर. मुलं साधारण दीड मीटर उंच होईपर्यंत गाडीचा बेल्ट त्यांच्या मानेवर आणि पोटावर येतो, खांद्यावर आणि मांडीच्या हाडावर येत नाही, बूस्टर तेवढंच काम करतो. मधल्या सीटला नुसता कमरेचा बेल्ट असेल तर तिथे बूस्टर नको.

सेकंडहँड? आमच्या वाडीत आम्ही विचार केला होता की दोन सीट घेऊन सगळ्यांनी फिरवू. छान कल्पना, पण चतुर्थीला सगळ्यांचीच नातवंडं एकदम येतात, मग भांडणं. सख्ख्या भावाबहिणीची घ्या, जिचा इतिहास माहीत आहे. अपघातातून गेलेली सीट वरून धडधाकट दिसते, आतून तडकलेली असू शकते. सीटवर बनवल्याची तारीख असते, ती पण बघा, प्लास्टिक उन्हाने म्हातारं होतं.

आणि आपल्या हवेचं. पावसाळ्यात सीट प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटमाळ्यावर टाकली की गणपतीत काढताना गादीला बुरशी. जुन्या सुती चादरीत बांधा, गाडीत राहिली तर आठवड्यातून एकदा काच उघडून हवा द्या. खाऊचे कण काढा, नाहीतर मुंग्या आणि मग उंदीर, उंदराने पट्टा कुरतडला तर ती सीट गेली. पट्टे ब्लीचमध्ये टाकू नका, ओल्या फडक्याने साध्या साबणाने पुसा. मे महिन्यात गाडी उन्हात उभी असेल तर बकल आधी हाताला लावून बघा, मांडीला चटका बसतो, आणि एकदा चटका बसला की ते पोर पुढचे चार दिवस सीटमध्ये बसायचं नाव काढत नाही.

रडतात का? रडतात. माझा नातू पहिली दहा मिनिटं आकांडतांडव करतो, मग झोपतो. पट्टा ढिला करायचा नाही, खांद्यापाशी चिमटीत धरता आला तर तो ढिलाच आहे. लांब जायचं असेल तर दोन तासांनी गाडी थांबवा, त्याला उतरवा, पाय मोकळे करू द्या, आपल्याला पण चहा होतो.

घेणार असाल तर आत्ताच मागवा, आणि ऑर्डर करायच्या आधी आपल्या पिनकोडला परत पाठवायची सोय आहे का ते बघा, कारण सीट आपल्या गाडीत ढिली बसते हे घरी आल्यावरच कळतं. नातवंडं यायच्या आधी तांदळाची दहा किलोची पिशवी तिच्यात बांधून नेरूरपर्यंत एक चक्कर मारा, वळणावर सीट सरकते का ते कळेल. चतुर्थीच्या आठवड्यात कुरियरवाला सुद्धा स्वतःच्या घरी गणपतीच्या डोक्यावरची माटवी बांधत असतो.