चिरकण्याचा हक्क

दाजींनी फॅमिली ग्रुपवर टाकलं, "पाचवी-आठवीला पुन्हा नापास करायला लागले ते बेस झालं. ढकलपास करून पोरं वाया घालवली." खाली सतरा अंगठे. मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचलं आणि डोकंच फिरलं.

२००९च्या शिक्षणहक्क कायद्यानं आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं. २०१९च्या दुरुस्तीनं राज्यांना मुभा दिली आणि महाराष्ट्रानं २०२३-२४पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर फेरपरीक्षा, तिथंही गचकलं तर पुन्हा तोच वर्ग. दाजींचा मुलगा आठवीत आहे, त्याला तीन क्लास लावलेत. तो नापास व्हायचा प्रश्नच नाही. मग होणार कोण? कराडजवळच्या आमच्या शाळेत दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्यांची पोरं येऊन बसायची. त्यातला एक माझ्या शेजारी असायचा, सतराचा पाढा माझ्याआधी म्हणून मोकळा. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की टोळी बीडकडं परत. आमची वार्षिक परीक्षा त्याला कधी लाभली नाही, त्याच्या गावची तरी लाभली की नाही कोण जाणे.

मी लिहिलं, "दाजी, आमच्या डिस्ट्रिक्टनं हायस्कूलच्या सहामाही आणि वार्षिक परीक्षाच काढून टाकल्या. काही आभाळ कोसळलं नाही."

हे खरंच आहे. वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबरो या दोन गावांचं मिळून आमचं स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग. गावं दोन वेगळ्या काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, शाळांचा कारभार मात्र एक. २०१५ साली साडेनऊ हजारांवर मुलं होती आणि त्यातली पासष्ट टक्के आशियाई घरांतली, म्हणजे आपली, चिन्यांची, कोरियनांची. त्या वर्षी डिस्ट्रिक्टचे प्रमुख, सुपरिंटेंडंट डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. आधीच्या वर्षात १२० मुलांची मानसिक तपासणी करायला सांगावं लागलं होतं, चाळीस जणांना हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. मग परीक्षा गेल्या, बिनगृहपाठाच्या रात्री आल्या, चौथी-पाचवीचं पुढच्या पातळीचं गणित सहावीवर ढकललं. संगीतात तर 'चिरकण्याचा हक्क' आला: व्हायोलिन नीट वाजवता येत नसलं तरी वाजवायला मिळालं पाहिजे! गुणवत्तेबरोबर मूल अख्खं राहिलं पाहिजे, हे तिथल्या माणसानं लेखी मांडलं. आपल्याकडं कुठल्या शिक्षणाधिकाऱ्यानं पालकांना सोळा पानं लिहिलीत?

हे शेवटचं वाक्य ग्रुपवर टाकताना मला फार बरं वाटलं.

ट्रेंटनचं नाव मात्र मी ग्रुपवर कधी काढत नाही. तेही आमच्याच मर्सर काउंटीत, गाडीनं वीसेक मिनिटं. पण त्याचं डिस्ट्रिक्ट वेगळं. गरीब गावांच्या शाळांना श्रीमंत गावांइतका पैसा द्या, हे न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाला १९९०मध्ये सरकारला बजावावं लागलं, त्या गावांत ट्रेंटन होतं. इथं घर ज्या डिस्ट्रिक्टात, शाळा त्याच डिस्ट्रिक्टाची. म्हणून आम्ही घर घेताना किचन नंतर बघितलं, हद्द आधी. रेषेच्या अलीकडं आहे ना, एवढंच एजंटला तीनदा विचारलं. इथला प्रॉपर्टी टॅक्स ऐकून दाजींना घेरी येईल, पण तो आम्ही त्या रेषेसाठीच भरतो. परीक्षा रद्द करण्याची चैन रेषेच्या अलीकडच्यांना परवडते.

आणि दुसरं असं, की त्या सोळा पानांच्या बाजूनं मी नव्हतोच. मुलगी तिसरीत होती, चौथीच्या गणितासाठी तिची तयारी मी घेत होतो. त्या पत्रावरच्या मीटिंगला हॉलमध्ये कुणी न सांगता दोन बाजू पडल्या होत्या. बहुतेक गोरे पालक पत्राच्या बाजूचे, आमच्याकडचे बहुतेक विरोधात. माइकसमोर रांगेत उभं राहून मी कागदावरचं वाचलं, की मी चौथीच्या स्कॉलरशिपच्या जोरावर इथवर आलोय, आमच्या मुलांची शिडी काढू नका. दाजींचंच म्हणणं, फक्त इंग्रजीत. पंधरा वर्षं त्या गावात राहून, लॉन कापून, हॅलोवीनला चॉकलेटं वाटून, मी कुणातला आहे ते मला त्या दिवशी कळलं. मला त्याचा आनंदच झाला होता, हे कबूल करतो.

पुढं मुलीनं व्हायोलिन घेतलं. शाळेत चिरकायचा हक्क होता, घरी मी बंगळुरूच्या कॉलवर असायचो. ती कोटांच्या कपाटात शिरून, दार लावून वाजवायची. कोटांतून येणारा तो आवाज अजून कानात आहे.

आता ती कॉलेजात आहे. परवा फोनवर दाजींचा किस्सा सांगितला आणि सहज विचारलं, ती मीटिंग आठवते का.

"आठवते ना," म्हणाली. "तुला टाळ्या पडल्या होत्या, बाबा. येताना तू आइस्क्रीम आणलं होतंस."