एमआरआयने ऑटिझम कळतो? खुलासा

‘मेंदूचा एमआरआय काढा, ऑटिझम (स्वमग्नता) लगेच कळतो,’ असा मेसेज लातूर-नांदेडकडच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. साफ चूक. झटके येत असतील किंवा आलेलं बोलणं सुटत चाललं असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. डॉक्टरांनी सांगितला नसेल, तर तो खर्च वायाच.

निदान होतं ते लेकराला खेळताना बघून, आईवडिलांना विचारून. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही ऑटिझम मोजणारी ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी असते. ७० पेक्षा कमी गुण म्हणजे ऑटिझम नाही.

लेकरू हाकेला ओ देत नसेल, तर ऐकू येतं का हे कळायला आधी कानाची बेरा तपासणी करा; आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का, ते तीत बघतात. तीत लेकरू झोपलेलं लागतं. एसटीत झोप काढलेलं लेकरू तिथं टक्क जागं राहतं अन् पुढची तारीख मिळते, म्हणून वाटेत झोपू देऊ नका. हाक मारल्यावर ते काय करतं, याचा घरचा व्हिडिओ डॉक्टरांना दाखवायला सोबत ठेवा. लेकराच्या वाढीची प्राथमिक तपासणी अंगणवाडीत येणारं आरबीएसके (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) पथक फुकट करतं.