पासपोर्ट द्या, स्कूटर घ्या

न्यू जर्सी, टोरांटो, मेलबर्न इथे स्थायिक होऊन डिसेंबरात गोव्यात उतरणाऱ्या तमाम मराठी बंधुभगिनींनो, या. पासपोर्टचा रंग बदलला म्हणून काय झालं, माणूस आपलाच. आता गोव्यात आलात म्हणजे फिरायला गाडी हवी. टॅक्सीविषयी मी काही लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला मोपाच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकताच कळतं. बस म्हणाल तर ती म्हापशाहून वेळेवर सुटते आणि तुम्हाला जिथे जायचंय तिथे जात नाही. राहिली भाड्याची स्कूटर. ती कशी घ्यावी याचं शास्त्र मी गेल्याच महिन्यात, न्यू जर्सीहून आलेल्या पुतण्याच्या भाड्याच्या स्कूटरपायी, चार दिवसांत आणि आठ हजार रुपयांत, शिकलो. तुम्हाला फुकट सांगतो.

पहिली गोष्ट, लायसन्सचा बाऊ करू नका. अमेरिकेतलं आहे ना? झालं तर. तिकडे सहा पदरी रस्त्यावर मोटार हाकणाऱ्याला आसगावची गल्ली काय जड आहे! आंतरराष्ट्रीय परवाना लागतो असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे निघणारी ती राखाडी कागदी पुस्तिका. तिकडे ट्रिपल-ए या मोटारवाल्यांच्या संघटनेच्या कचेरीत दोन फोटो आणि वीसेक डॉलर दिले की मिळते, वर्षभर चालते, मूळ लायसन्सबरोबर दाखवायची असते. पण बॅगेत सगळ्या नातेवाइकांसाठी बदामांचे पुडे कोंबायचे असताना इतकी यातायात करणार कोण? शिवाय त्या पुस्तिकेत मोटरसायकलला ए आणि मोटारीला बी असे वेगवेगळे शिक्के असतात. माझ्या पुतण्याच्या न्यू जर्सीच्या लायसन्सवर डी आहे, म्हणजे फक्त मोटार. दुचाकीला तिथे ई लागतो. म्हणजे पुस्तिका काढली असती तरी त्यात स्कूटरचा शिक्का पडलाच नसता. मग काढायचीच कशाला? अगदीच कोणी अडवलं तर ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, पुढे करा. गाडी चालवण्याबद्दल त्यात एक अक्षर नाही, पण वर राजमुद्रा आहे.

दुकान शोधू नका, दुकान तुम्हाला शोधतं. कळंगुटच्या रस्त्यावर नुसतं उभं राहून दोन्हीकडे बघितलंत की कोणीतरी हाक मारतंच. मात्र नंबर प्लेटकडे बघायचं नाही. भाड्याच्या गाडीची प्लेट काळी आणि अक्षरं पिवळी असतात, दुचाकी भाड्याने द्यायला १९९७ ची सरकारी योजना आहे, तिच्याखाली परवाना काढावा लागतो, पदरी किमान ५ गाड्या असाव्या लागतात, वगैरे वगैरे. हे वाचत बसलात तर सूर्यास्त चुकेल. तुम्हाला पांढऱ्या प्लेटची मिळेल, म्हणजे कोणाच्या तरी घरची. दुकानदार ती दोष म्हणून लपवत नाही, गुण म्हणून सांगतो. "काळ्या प्लेटीक पुलीस धरतात, धव्या प्लेटीक कोण विचारिना." वाटेत विचारलंच कोणी तर गाडी मित्राची आहे म्हणावं. मित्राचं नाव आरसीवर वाचून पाठ करावं. विमा घरगुती वापराचा असतो, भाड्याचा नव्हे, पण अपघात झाल्याशिवाय विमा लागतोच कुठे?

हेल्मेट मागून घ्या. त्याचा पट्टा मागच्या सीझनला तुटला, पण डोक्यावर शोभतं.

पेट्रोल तुम्ही भरा, उरलेलं दुकानाचं.

गाडी किनाऱ्यावर न्यायला बंदी आहे, म्हणून तर सीझनभर कोणाची ना कोणाची जीप वाळूतून ट्रॅक्टरने ओढताना आपण मोबाइलवर बघतो.

पोलिसांना अजिबात घाबरू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स नसेल तर ५,००० आणि हेल्मेट नसेल तर १,००० असा दंड आहे, आणि गोव्यात तो एप्रिल २०२२ पासून लागू आहे. बिनलायसन्सवाल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही ५,००० आहेत, पण मालक नाक्यावर थोडाच उभा असतो! पुतण्याला पर्वरीला थांबवलं. हवालदाराने न्यू जर्सीचं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला, आणि हेल्मेटाचा एक हजाराचा तालांव, म्हणजे दंडाची पावती, फाडून सोडून दिलं. पोराने मला लगेच फोन केला. "काका, लायसन्स चाललं!"

डिपॉझिट म्हणून पासपोर्ट द्या. झेरॉक्स नव्हे, मूळ. अमेरिकेचा पासपोर्ट अमेरिकन सरकारच्या मालकीचा असतो, तो असा गहाण टाकता येत नाही, हे खरं. पण कळंगुटच्या ड्रॉवरमध्ये त्याला सोबत चांगली मिळते. मी तो ड्रॉवर डोळ्यांनी पाहिला. उदबत्तीच्या पुड्याशेजारी रबरबँड लावलेली चळत, तांबडे, हिरवे, निळे, जणू काही पत्त्यांचा कॅट. दोन दिवसांनी पुतण्या आणि त्याच्याबरोबरची मुलं हणजुणेहून मांद्र्याला दुसऱ्या गेस्टहाऊसवर गेली. तिथल्या बाईंनी पासपोर्ट मागितला, कारण परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्यांना त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. आमचा पोर म्हणतो, पासपोर्ट स्कूटरकडे आहे. बाईंना वाटलं डिकीत असेल.

आता गाडी परत करायची रीत. हे नीट वाचा. परत करायची ती विमानाच्या दिवशीच, आणि तीही संध्याकाळी. सकाळी नको. सकाळी वेळ असतो आणि वेळ असला की माणूस भांडतो. दुकानदार आधी विचारेल, "फ्लाइट कितल्याक?" हे काळजीपोटी नसतं. पुतण्याने भाबडेपणाने सांगितलं, रात्री नऊची. डिसेंबरातली गर्दी, कळंगुट ते मोपा. दुकानदाराने मनात वजाबाकी केली आणि मग तो गाडीभोवती फिरायला लागला. देताना त्याने गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता उकिडवा बसला, मोबाइलचा दिवा लावला, पत्र्यावरून बोट फिरवलं, जसा डॉक्टर पोट दाबून बघतो. सापडला. डाव्या बाजूला बोटभर लांबीचा ओरखडा.

बारा हजार.

मला फोन आला तेव्हा मी घरी चहा पीत होतो. तसाच चपला घालून निघालो. ओरखडा मी पाहिला. अहो, म्हातारा ओरखडा होता तो! कडेला रंगाचे पापुद्रे सुटलेले, आत तपकिरी गंज, आणि गंजात रुतून बसलेली तांबडी माती. मी नखाने खरवडली, निघेना. डिसेंबरात एक थेंब पाऊस नाही, चार दिवसांत पत्र्याला गंज चढतो? त्यात पावसाळ्यातली माती शिरते? शाळेतल्या पोराला दाखवला असता तर त्याने सांगितलं असतं की याने निदान दोन पावसाळे बघितलेत. मी कोकणीतून विचारलं, मराठीतून विचारलं, शेवटी हिंदीवरही गेलो. तो थंड. "पात्रांव, हो नवो." म्हटलं, गाडी देताना काढलेले फोटो दाखव. म्हणतो, "फोटो तुमी काडपाक जाय आशिल्ले." बरं, बारा हजार कशाचे? म्हापशात आमच्या गॅरेजवाल्याने पाच-सहाशेत रंग मारून दिला असता. तर म्हणे पत्रा पूर्ण बदलायचा, गाडी आठ दिवस उभी राहणार, आठ दिवसांचं सीझनचं भाडं बुडणार. म्हणजे जी गाडी भाड्याने द्यायचा त्याला परवानाच नाही, तिचं बुडालेलं भाडं आम्ही भरायचं!

मी म्हटलं, पोलीस स्टेशनला चल. तो उठलाच. "चला. हांव लेगीत येतां." आणि मग हळूच पुतण्याकडे बघून विचारलं, "लायसन्स आहे ना याचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्या दिवशी त्याने लायसन्स मागितलं नव्हतं ते विसरून नव्हे. ज्याच्याकडे लायसन्स नाही तो तक्रार करायला कुठे जाणार? तो कागद तुमच्याकडे नाही, हेच त्याचं खरं डिपॉझिट. पासपोर्ट नुसता वर. ओरखडा आज या पत्र्यावर, उद्या त्या आरशावर. गिऱ्हाईक बिनकागदाचं आणि विमान नऊचं असलं की झालं. आणि आपण मात्र चार दिवस खूश, की बघा, कसला त्रास नाही, काही विचारलंसुद्धा नाही!

आठ हजारांवर तुटलं. पुतण्याचं अमेरिकन कार्ड तिथे चालेना, मी मोबाइलवरून दिले. क्यूआर लावल्यावर दुकानाचं नाव आलं नाही, कोणा बाईचं घरगुती खातं आलं. पावती मागितली तर हसला. आम्ही गाडीत बसेपर्यंत तीच स्कूटर, त्याच ओरखड्यासकट, दोन पोरांना दिली गेली होती. मी काच खाली करून ओरडलो, "फोटो काढा रे!" त्यांना वाटलं मी माझा फोटो काढायला सांगतोय. हात हलवून गेले.

इथपर्यंत मला दुकानदाराचाच राग होता. मोपाच्या वाटेवर पुतण्या रंगात आला आणि किस्से सांगायला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्योदय बघून परत येत होते. गल्लीतून मुख्य रस्त्यावर आला तो सवयीने उजव्या बाजूला. समोरून पोदेर, म्हणजे आमचा पाववाला. पों पों वाजवत, सायकलच्या मागे पाटी, वर निळं प्लास्टिक. त्या बिचाऱ्याने सायकल गटाराकडे घातली आणि पडला. पाव सगळे मातीत. "मी पाचशे दिले काका, ही वॉज कूल."

कूल? अरे, त्याचं डोकं दगडी कुंपणावर आपटलं असतं तर? तुझ्याकडे लायसन्स नाही, गाडीचा विमा भाड्याला लागू नाही, हेल्मेटाला पट्टा नाही, आणि आयुष्यात दुचाकी चालवली नाहीस ती शिकायला तुला आमचा रस्ता सापडला? न्यू जर्सीत असं परवान्याशिवाय स्कूटर घेऊन रस्त्यावर यायची छाती झाली असती का तुझी? तिकडे स्टॉपच्या पाटीपुढे रिकाम्या रस्त्यावरही थांबता, आणि इथे उतरलं की सगळं चालतं. का चालतं? इथली माणसं रबरी आहेत? आणि हो, हे तुम्हालाही आहे, नुसतं माझ्या पुतण्याला नाही. पुणे-मुंबईच्या बिनहेल्मेटवाल्यांनीही वाचावं. कागद नसेल तर गाडी घेऊ नका. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला पायलट मिळतो, म्हणजे दुचाकीचा टॅक्सीवाला, त्याच्या मागे बसा. तो इथलाच आहे, त्याला गटार कुठे आहे ते माहीत असतं. आणि कागद असेल तर काळी प्लेट बघून घ्या, चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, पासपोर्ट खिशात ठेवा. एवढं करायचा कंटाळा येत असेल तर खोलीत झोपून राहा.

आणि पांढऱ्या प्लेटवाले आमचे गाववाले, तुम्ही. घरातली दुसरी गाडी सीझनला "देतो" म्हणता. कोणाला देतो, ते कधी बघता?

मी तरी काय शहाणा. पुतण्याने पहिल्याच दिवशी माझी स्कूटर मागितली होती. दारातच उभी होती, पुसूनपासून ठेवलेली. मी म्हटलं, ब्रेकचं काम निघालंय. ब्रेक चांगले होते. त्याच्याकडे दुचाकीचं लायसन्स नाही हे मला माहीत होतं. कोणाला ठोकलं तर माझ्या नावावर येईल म्हणून किल्ली दिली नाही. आणि मग मीच त्याला कळंगुटला सोडून आलो.